भेटायला जायचं राहिलं

आमच्या गावात कुणी गेलं की एक निरोप लाकडांसाठी जायचा आणि दुसरा माझ्या आत्यासाठी यायचा. कोरेगाव तालुक्यात वसना नदीकाठचं आमचं गाव, आल्याचं आणि घेवड्याचं. आत्याला सगळं गाव अक्का म्हणायचं. ऐन विशीत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली ती कायमची. खुरपायला, घेवडा बडवायला, आमच्या आजारपणात उशाशी बसायला ती होतीच. पण गावाला ती लागायची मयताच्या घरी.

निरोप आला की हातातलं खुरपं तिथंच ठेवून ती निघायची. कुणाचं घर, कुठली आळी, कोण कुणाशी बोलत नाही, हे त्या वेळी तिच्या गावीही नसायचं. अंगणात तीन दगड मांडून पाणी तापवायचं, कारण हे पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. गेलेली बाईमाणूस असेल तर लुगड्याचा आडोसा धरायला दोघींना उभं करायचं आणि आंघोळ स्वतः घालायची. मी शाळेत असताना शेजारची म्हातारी गेली, तेव्हा आडोशाचं एक टोक माझ्या हातात होतं. आत्यानं आधी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याआधी पाहतात तसं. मग पाठ, हात, बोटांच्या बेचक्या, नखांत बसलेलं शेण. केसांत गुंता होता. तो तिनं ओढला नाही. एका हातानं केस मुळाशी धरले आणि दुसऱ्या हातानं टोकापासून सोडवत वर आली. बाहेर पुरुषमाणसं घाई करत होती. आडोशाबाहेरून कुणी तरी म्हणालं, ‘अक्का, तिला आता काय कळतंय?’ आत्या म्हणाली, ‘मला कळतंय की.’

सवाष्ण असली तर न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून झालं की आत्या मागं सरायची. हळदकुंकू, बांगड्या, वेणी हे सवाष्णीनं करायचं. ज्या हातांनी सगळं केलं, त्या हातांना कुंकवाच्या करंड्याला शिवायची मुभा नव्हती. ती स्वतःच म्हणायची, ‘या गं कुणी तरी, लावा.’ तिच्या आवाजात तक्रार मी कधी ऐकली नाही. मला मात्र ते आजही सलतं.

तिरडी उचलून पुरुष गेले की तिचं पुढचं काम सुरू व्हायचं. घरातल्या बायका रडतायत का, हे ती बघायची. आमच्याकडं बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, हेल काढून रडतात. त्या रडण्यात गेलेल्या माणसाची सगळी हकिगत येते. त्याला कुठलं कोरड्यास आवडायचं, बैल त्याच्या कुठल्या हाकेला थांबायचा, कुठल्या दिवाळीला त्यानं न विचारता लुगडं आणलं होतं. परगावची नातलग आली की वेशीपासूनच तिचा हेल ऐकू यायचा, घरातली उठून दाराशी जायची आणि दोघींची गाठ पडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शहरातल्या माणसांना हे मोठ्यानं रडणं अवघड वाटतं. मला विचाराल तर साध्या माणसाच्या आयुष्याची इतकी बारीक नोंद दुसरीकडं कुठं घेतली जात नाही. जी रडत नसेल, भिंतीला टेकून नुसती बसली असेल, तिच्याजवळ आत्या जाऊन बसायची. बोलायची नाही. कधी कधी अख्खी दुपार जायची. मग हळूच विचारायची, ‘सकाळी काय खाल्लं हुतं गं त्येनं?’ एवढ्या एका प्रश्नावर बांध फुटलेला मी पाहिला आहे.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतून, शेजारून पिठलं-भाकरी येते. आज कुणी आणायची, उद्या कुणी, हे आत्या ठरवायची. मग तिसऱ्या दिवशीचं सावडणं, दहावा, पिंडाला कावळा शिवेपर्यंत नदीकाठी ताटकळणं, तेराव्याचं जेवण, सोयऱ्यांनी आणलेली टॉवेल-टोपी. यातलं थोतांड किती आणि खर्च किती, यावरून मी वडिलांशी भांडले आहे, आणि पुष्कळ बाबतींत माझं मत अजून तेच आहे. दिव्याखाली पीठ पसरायचं, सकाळी त्यात कुणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं आणि गेलेल्याचा पुढचा जन्म सांगायचा, हे मला पटत नाही. पण तेरा दिवस घरात माणसं असायची. दुःखाच्या हाती कुणाला एकटं सापडू द्यायचं नाही, यासाठी कुणाला तरी राबावं लागतं. आमच्या गावात ती राबायची.

९ मार्च २०२० रोजी, दुबईहून पुण्याला परतलेल्या एका दांपत्याला कोरोना झाल्याचं निघालं. राज्यातले ते पहिले रुग्ण. मी पुण्यातच बँकेत नोकरीला. २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, सगळा देश बंद झाला. गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांना शाळेत ठेवलं. आत्या शाळेच्या फाटकावर भाकरीचं गठुडं ठेवायची, लांब जाऊन उभी राहायची आणि ओरडून विचारायची, ‘मीठ बरं हाय का रं?’ आषाढी आली. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका त्या वर्षी एसटीनं पंढरपूरला गेल्या. दर आषाढात लोणंदच्या तळावर दर्शनाला जायचा तिचा नेम होता. जमलं तर तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण बघून यायची. टीव्हीवरच्या एसटीला तिनं हात जोडले. ‘माउलीच चालत न्हाई औंदा, मग आपन कुठं जायचं,’ म्हणाली.

गावात या रोगानं पहिली बाई गेली ती सप्टेंबरात. आत्याला निरोप आला नाही. रुग्णवाहिका परस्पर गेली. केंद्राच्या आरोग्य खात्यानं मार्चमध्येच मृतदेहांबाबतच्या सूचना काढल्या होत्या. देह गळती न होणाऱ्या पिशवीत बांधायचा, चेन उघडून नातलगांना लांबून चेहरा दाखवायचा, पण आंघोळ घालायची नाही, मिठी मारायची नाही, स्पर्श करायचा नाही. अंत्यविधीला वीसच माणसं. रोग नवा होता, भीती खरी होती, आणि त्या सूचनांमुळं काही जीव वाचलेही असतील. त्यांच्यावर माझा राग नाही. त्याच कागदात असंही होतं, की राखेपासून धोका नाही, अस्थी गोळा करायला हरकत नाही. हे मात्र गावापर्यंत पोचलं नाही. आमच्याच भावकीतल्या एका घरानं भीतीपोटी अस्थी आणल्या नाहीत, आणि त्या घरातली सून अजून त्या विषयावर बोलत नाही.

त्या दिवशी आत्या ओट्यावर उभी होती. रुग्णवाहिका दिसेनाशी झाल्यावर तिनं आईला विचारलं, ‘पानी कुनी घातलं असंल तिला?’ आई काय सांगणार? आत्या त्या रात्री जेवली नाही.

मग एप्रिल २०२१. १४ तारखेच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. १८ तारखेला एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण निघाले. २१ तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि पुरवठा तुटून वीसहून जास्त रुग्ण गेले. श्वासासारखी गोष्ट टाकीतून यायची आणि ती टाकी रिकामी होऊ शकायची, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळलं. त्याच आठवड्यात आत्याला ताप आला. आशाताई दारात लांब उभ्या राहून ऑक्सिमीटर आत सरकवायच्या. आधी चौऱ्याण्णव, मग नव्वद, मग शहाऐंशी. दादानं रात्रभर फोन केले, सातारा, कऱ्हाड, वाई, फलटण. मी पुण्यातून करत होते. साताऱ्यात संग्रहालयासाठी बांधलेल्या नव्या इमारतीत खाटा मांडून मोठं कोविड रुग्णालय केलं होतं, तेही भरलेलं. पहाटे एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली. दादानं तिला दारापर्यंत नेलं. तिथून पुढं आम्ही कुणी नव्हतो.

एका संध्याकाळी तिथल्या नर्सनं स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. त्या मुलीचा चेहरा मी पाहिलेला नाही, फक्त मास्कच्या वरचे डोळे. पण तिचे उपकार मी विसरणार नाही. आत्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, केस सुटून उशीभर पसरले होते. ती बोलली ते स्वतःबद्दल नव्हतं. आमच्या शेजारचा, डेअरीवर दुधाचं फॅट काढणारा माणूस दोनच दिवसांपूर्वी घरातच गेला होता. तिनं विचारलं, ‘त्येच्या बायकूकडं कोन गेलं हुतं?’

‘आत्या, कुणालाच जाता येत नाही गं.’

ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘तिला इचारा कुनी तरी.’

मेच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे, ती गेली. जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा ई-पास लागायचा. अंत्यविधीचं कारण चालत होतं, मी निघाले. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, चिता एकीशेजारी एक पेटलेल्या होत्या. पीपीई किटमधल्या एका पोरानं पिशवीची चेन खाली ओढली. व्हिझरच्या आत त्याच्या भुवयांवर घाम साचला होता. आत्याचा चेहरा शांत होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही, कारण मला दिसले ते तिचे केस. मानेखाली त्यांचा गुंता झाला होता. आख्ख्या गावाच्या बायकांचे केस जिनं न ओढता सोडवले, तिचे तसेच राहिले होते, आणि मी चार हातांवर उभी होते. ‘ताई, काही ठेवायचंय का?’ त्या पोरानं विचारलं. मी तुळशीची डहाळी पुढं केली. ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली, तिच्या उशाशी ठेवली, हातमोज्यांतले हात जोडले आणि चेन वर ओढली. मागं पुढची गाडी येऊन थांबली होती.

त्या पोरांचं ऋण या महाराष्ट्रावर आहे आणि ते पुरेसं बोललं गेलेलं नाही. पुण्यात मुस्लिम तरुणांनी पुढं होऊन परक्या धर्माच्या माणसांना अग्नी दिला. गावोगावी नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी, रोजंदारीवरच्या पोरांनी, ज्यांना पोटचे लेक शिवले नाहीत त्यांना खांदा दिला. मला त्या दिवसांत आमच्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीची आठवण यायची. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. साथरोगाचा जो कायदा २०२० मध्ये लावला गेला, तोही १८९७ चाच. कायदा प्रत्येक साथीत बाहेर काढता येतो. पाठीवर घेणारं माणूस मात्र त्या त्या वेळी कुणाला तरी व्हावं लागतं.

घरी गेले तर घरातल्या सगळ्यांचे अहवाल पॉझिटिव्ह होते. आई माजघरात, वहिनी वरच्या खोलीत, दादा गोठ्यात खाट टाकून. मला आत यायची बंदी. मी ओट्यावर बसले. माझी चाहूल लागली तसा आईनं आतून हेल काढला. मी तिच्या गळ्यात पडायला हवी होते, आणि आमच्या दोघींच्या मध्ये कडी घातलेलं दार होतं. आई एक ओळ रडायची आणि थांबायची. मग वरून वहिनी. गोठ्यातून काहीच आवाज येत नव्हता. शेजाऱ्यांनी कुंपणाच्या भिंतीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी ठेवल्या होत्या. कुणी आत आलं नाही. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याही घरात लहान पोरं होती. पण आत्या असती तर ती आली असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही, आणि मला वाटतं, आली असती, आणि तिला आम्हीच दारातून परत पाठवलं असतं.

तिच्या ट्रंकेत एक लुगडं निघालं, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. वहिनीला तिनं कधीच सांगून ठेवलं होतं, मला जाताना हे नेसवा. ते ट्रंकेतच आहे. वहिनी दर उन्हाळ्यात काढते, ऊन दाखवते, परत ठेवते.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. सरकारी नोंदीप्रमाणं महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार माणसं या रोगानं गेली. खरा आकडा किती, याचा वाद अजून मिटलेला नाही. भारतात २०२१ च्या अखेरपर्यंत या साथीपायी सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा त्याच संघटनेचा अंदाज सरकारला मान्य नाही. आमच्या शेजारचा डेअरीवाला कुठल्या आकड्यात आहे? त्याची चाचणीच झाली नव्हती. मृतांच्या वारसांना ५० हजारांचं साहाय्य मिळायला लागलं, तेव्हा त्याच्या बायकोकडं दाखवायला अहवाल नव्हता. पैशाचं तिनं मला एकदाच सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं ते दुसरंच: ‘कुनी आलं न्हाई वो, ताई. गाडी गेली आनि मी पोरांना घेऊन दार लावून बसले.’

तिचं कुंकू कुणी पुसलं नाही, बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, कारण फोडायलाही कुणी नव्हतं. तिनं स्वतःच काढून ठेवल्या. पुढं मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं आपल्या गावात बंद. कोरोनानं कोवळ्या वयात विधवा केलेल्या बायकांचे हाल त्यामागं होते. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ते वाचून मला आत्याचं ते मागं सरणं आठवलं. ठराव तिच्या पाठीमागं वर्षभरानं झाला. शेजारणीच्या हातात आता हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत. त्या वहिनीनं भरल्या.

साथ गेली, पण जाताना आमची एक सवय घेऊन गेली. आता मयताचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. दहावा तिसऱ्या दिवशीच उरकतात. विधी आखडले याचं मला दुःख नाही, उलट बरंच वाटतं. बसणं आखडलं, याचं आहे. माणसं येतात, चप्पल न काढता दाराशी उभी राहतात, ‘वाईट झालं’ म्हणतात आणि गाडीला किल्ली लावतात. साथीच्या काळात जे नाइलाजानं केलं, ते सोयीचं म्हणून राहून गेलं. आणि एप्रिल-मेच्या त्या दोन महिन्यांत गेलेल्यांसाठी तर कुणी दाराशीही आलं नव्हतं. त्यांच्या घरी अजून जायला हवं, असं मला वाटतं. वर्षं उलटली तरी.

म्हणून गावी गेले की आई आणि मी जातो. सुरुवातीला लोक बिचकले. इतक्या उशिरा भेटायला आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी आत्याचाच प्रश्न विचारते, त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं? डेअरीवाल्यानं चहात बुडवून बटर खाल्लं होतं आणि फॅटचं मशीन पुसून ठेवायला सांगितलं होतं. त्याच्या मापात कधी थेंबाची खोट नव्हती, हे त्याच्या वैऱ्यानंही सांगितलं. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी मावशी दोन दिवस काहीच खात नव्हती. तिच्या सुनेनं रडत सांगितलं, की तिनं आंबील मागितली होती आणि ताक आणायला बाहेर कसं पडायचं, म्हणून राहिली. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणाऱ्या काकांनी दूधभात खाल्ला होता. त्यांच्या नातवानं खोक्यातून क्लॅरनेट काढून दाखवलं, त्याची जीभ वाळून चिरली आहे. एका घरी तर मला काही विचारावंच लागलं नाही. आई दारात पोचली, घरातली म्हातारी उठून आली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. किती वेळ रडल्या ते मी पाहिलं नाही. आत जाऊन चहा ठेवला.

वरच्या आळीतला शिंपी राहिला आहे. माझे शाळेचे परकर त्यानं शिवले, शिलाई पुढच्या सुगीला घ्यायचा. त्याची बायको आता मुलीकडं रहिमतपूरला असते. घर आईला माहीत आहे. गणपतीच्या सुट्टीत आम्ही तिकडं जाणार आहोत.